नादाला नाही

मिरजेत, सतारीच्या गल्लीत,
दुकानाच्या मागच्या खोलीत भोपळे टांगलेत.
दस्तगीर चाचा एकेक खाली घेतात,
पेरानं टकटक करतात, कान लावतात.
"ह्यो नादाला न्हाई."
आणि पायानंच तो माझ्याकडे सरकवतात.
फुकट. चहाचे पैसे तेवढे माझे.

मी दिवे करते.
कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याची अर्धी शेड,
उरलेल्या अर्ध्यात पंपांच्या पेट्या.
वहीत एकेचाळीस चित्रं आहेत या एका दिव्याची.
पेन्सिलीतला भोपळा गोल येतो,
भीमाकाठच्या शेतातून आलेला
एका कुशीवर झोपून वाढलेला असतो.

पहिल्याला मी भोकं पाडली, बारीक, वेलबुट्टीची.
दिवा लावला तर भिंतभर ठिपके.
सुकुमार मगदूम वायरिंग करता करता म्हणाला,
"मंगल कार्यालय झालं की ओ."
दुसऱ्यात पांढरा बल्ब घातला.
तो त्याच संध्याकाळी काढला,
मिरजेत आहेत तेवढे दवाखाने पुरेत.

मग भोकं नकोतच असं ठरवलं.
भोपळ्याची भिंतच उजळली पाहिजे.
आत हात घालून पॉलिशपेपर, दिवसचे दिवस,
नखांत पिवळी धूळ, नाकात जुन्या बियांचा वास.
पाच मिलिमीटरला काहीच नाही.
तीनला, नुसत्या कडेकडेनं,
शिजवून वाळत घातलेल्या हळदीसारखं काहीतरी.
अजून थोडं, म्हणून दोनला गेले,
आणि तडा गेला.
आवाज इतका स्वच्छ आला
की मी तो चाचांना सांगितला नाही.

चौथा कापतानाच वाकडा गेला.
पाचव्याचं मला अजून बोलवत नाही.

सहाव्याला चहावाला पोरगा आला, इरफान,
पेले ठेवून स्टुलावर टेकला
आणि त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला.
एवढंच.
मी आजवर दिवा उभ्यानं बघत होते.
बसलेल्या माणसाचा डोळा
माझ्या एकाही चित्रात नव्हता.
त्याला तसाच बसवून ठेवला, टेप लावली,
तोंड सव्वा इंच खाली ओढलं, होल्डर वर चढवला.
दुसऱ्या गल्लीतली गिऱ्हाइकं त्याच्यावर ओरडली
ती माझ्यामुळे.

पुण्याहून हॉटेलवाल्यांचा फोन:
आवडलाय. चौदा नग हवेत. पण सगळे एकसारखे.
सुकुमार म्हणाला, "भोपळ्याला सांगून बघतो."
मी फायबरच्या साच्याचा दर काढला,
दोन रात्री तो कागद उशीखाली होता.
तिसऱ्या दिवशी त्यांना लिहिलं:
उंची सारखी देईन, तोंड सारखं देईन,
पोट ज्याचं त्याचं.
आठ घेतले त्यांनी. सहा माझ्याकडे राहिले.

खोक्यावर लिहायचं होतं: साहित्य.
भोपळा, पितळ, कापडी वायर.
मी पेन धरून बसले होते.
एकेका भोपळ्यावर टकटक करून
कोणीतरी मान हलवली होती,
ते कुठल्या रकान्यात लिहितात?

तो वाकडा चौथा आता चाचांच्या दुकानात आहे,
त्यांनीच मागून नेला.
त्याचा उजेड सरळ पडत नाही,
घोडीच्या डाव्या अंगाला सावली राहते.
मी म्हटलं, बदलून देते.
ते जवारी काढत होते,
कानस एकदा, तार एकदा, परत कानस.
"र्‍हाऊ दे. हे काम बघून करायचं नसतं."

मग थांबून, मान वर न करता:
"बिल भरताना मात्र दिसायला लागतं.
त्याला बरा हाय."