कोरडा संपर्क

हळदोण्यात फायरप्लेसचं काम आहे म्हणाले,
मी दोनदा विचारलं, एसीचं ना?
डिचोलीहून निघालो तेव्हा बनियन अंगाला चिकटलेलं,
ऑगस्ट संपत आलेला, चवथ आठ दिवसांवर,
आणि ओर्लांदसाहेबांना मॉन्ट्रियलमध्ये बसून
इथल्या सालीत जाळ हवा होता.

चिऱ्याची भिंत फोडून बसवलेली फायरप्लेस,
आत भाजलेल्या मातीचे ओंडके,
त्यांच्यावर गाठीसुद्धा कोरलेल्या, खऱ्यासारख्या.
मागे गॅसचा व्हॉल्व आणि एक निळी ज्योत,
नखाएवढी, रात्रंदिवस जागी.
घर सांभाळणारी पिएदाद
तिला येताजाता बघून जायची,
दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखी.

काम तसं सोपं.
भिंतीवरच्या बटणाला दोन तारा येतात,
दारावरच्या घंटीच्या असतात तशा बारीक.
त्यांच्यात घरची वीज नसते,
ज्योतीच्या उबेतूनच उमटलेली थोडी थरथर,
मोजायला गेलं तर मिलिव्होल्ट.
तिथे मेनची तार जोडलीस तर व्हॉल्व मेला,
म्हापशाच्या इनासने पहिल्याच दिवशी कानात भरलं होतं.
म्हणून काडेपेटीएवढी रिले लावायची.
ती नुसती दोन टोकं एकमेकांना टेकवते,
पदरचं काही देत नाही.
कागदावर तिचं वर्णन, कोरडा संपर्क.

मला हसू आलं.
त्या घरात तेवढंच काय ते कोरडं.
बरणीतलं मीठ पाझरत होतं,
पियानोची पट्टी दाबली की खालीच राहत होती,
कपाटातल्या कोटाला खांद्यावर
हिरवी लव फुटली होती.

साहेबांनी तिकडून दाबलं.
टिक्.
भप्पकन जाळ.
पिएदादने मागे सरून खुरीस काढला,
मग पुढे होऊन तळहात धरले,
मग झग्याचा ओला घोळ.

तेवढ्यात करंट गेला.
रिले सुटली, ओंडके काळे.
साहेब मात्र फोनवर खूश,
काय सुंदर पेटलंय, माझ्याकडे चालू दिसतंय!
मी म्हटलं, साहेब, अ‍ॅपला एवढंच ठाऊक असतं
की त्याने सांगितलं.
ऐकलं गेलं का, हे त्याला कोण सांगणार?

पलीकडे बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज.

त्यासाठी उष्णतेचा सेन्सर लागतो, मी म्हटलं,
चार हजार, पणजीहून मागवावा लागेल.
पिएदाद कंदील पुसत होती,
मान वर न करता म्हणाली,
हांव आसा मूं.

आता पहाटे साडेचारला, तिकडे संध्याकाळी सातला,
साहेब कामावरून येऊन कोट काढायच्या आधी बटण दाबतात.
वीस मिनिटं. ते मीच ठरवून दिलंय, त्यापुढे आपोआप बंद.
पिएदाद तशीही जागीच असते.
पियानोचं झाकण उघडते,
खुर्च्यांच्या पाठींवर चादरी टाकते,
एकदा तर सुक्या बांगड्यांची परडी ठेवली होती,
कॅमेऱ्यात येणार नाही अशी, बाजूला.
मग साहेबांना मिस्ड कॉल.
एक रिंग म्हणजे पेटला.
दोन म्हणजे नाही.
पैसे पडत नाहीत.

सेन्सर कधीचा आलाय,
माझ्या बॅगेत आहे, सील न फोडलेला.
उद्या नेतो, उद्या नेतो म्हणत
चवथ झाली, पाचव्या दिवसाचं विसर्जन झालं,
साहेबांनी विचारलं नाही, मी काढलं नाही.

परवा पहाटे माझ्याच फोनवर
एक रिंग वाजून थांबली.
पिएदादचा नंबर. बोट चुकलं असेल.
बायको कुशीवर वळून म्हणाली, कोण गं बाई या वेळी?
कोणी नाही, म्हटलं.
पेटलाय.