नियमित क्रियापद

टायरच्या दुकानावरची खोली, माए सोत.
गुरुवार, साडेसात. पंखा फळ्याकडे वळतो
आणि खडूची भुकटी आमच्या अंगावर आणून टाकतो.
नॉ मू फॉ लिहिते : युझर्प.
तेवीसची असेल. माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींएवढी.

"नियमित आहे," ती म्हणते, "घाबरू नका.
शेवटी दोन अक्षरं जोडली की झाला भूतकाळ."
ऊ थाउंग न्युन, सीमेपलीकडे कोर्टात टायपिस्ट होते,
हसता हसता खोकत राहतात.

आमच्या बर्मीत याला वेगळं क्रियापद नाही.
सत्ता 'थेइन' करतात.
थेइन म्हणजे दोरीवरचे कपडे काढून आणणं,
कापलेलं भात घरात घेणं.
आभाळ भरलं की आई ओरडायची : थेइन, थेइन!
त्या पहाटे शेजारीण कुंपणावरून कुजबुजली,
"थेइन केलं त्यांनी,"
आणि अर्धवट झोपेत मला वाटलं, कपडे.

इंग्रजीनं मात्र या कामाला
खास शब्द राखून ठेवलाय,
पाहुण्यांच्या कपबश्यांसारखा.
आणि तो आमच्यासारखा वाक्याच्या शेवटी येत नाही.
कर्ता आणि कर्माच्या मधोमध उभा राहतो,
नाक्यावर कागद तपासणाऱ्यासारखा.

"वाक्य करा."
ऊ थाउंग न्युन : मांजरानं माझी खुर्ची बळकावली.
वर्ग हसतो. माझी पाळी.

माझ्या खुर्चीवरही एक जण आला होता.
हातात पत्र. चपला दाराबाहेर काढलेल्या.
मला मावशी म्हणाला, कपाटाची किल्ली मागितली.
मी दिली.
वर सांगितलंही : दार जरा उचलून धर,
नाहीतर कुलूप अडतं.

"सयामा," मी विचारते,
"बळकावणाऱ्याचं क्रियापद कळलं.
किल्ली देणाऱ्याचं कुठलं?"

ती शब्दकोश उघडते. बोट ओलं करून
पानं उलटत राहते. खाली कुणीतरी
चाकात हवा भरतंय, भरतंय.
"पुढच्या गुरुवारी," ती म्हणते.

परतले तेव्हा दोरीवर माझी लुंगी,
कारखान्याचा शर्ट,
आणि एक मोजा, माझा नसलेला.
अंधारात हात जरा थबकला.
मग सगळंच काढून आणलं. मोजासुद्धा.
कुणाचा ते उद्या विचारीन.