उत्तरदाता सतरा

एका मिनिटाच्या आवाजाचे मला आठ रुपये मिळतात.
आवाज हिरेमठ मॅडमनी गोळा केलेले,
प्रकल्पाचं नाव दीड ओळीचं:
कला, भाषा, समन्याय, शाश्वतता आणि पुढे बरंच.
मी कानात बोंडं घालून बसते,
थांबवते, मागे नेते, पुन्हा ऐकते,
शुद्ध करून टाइप करते.

नियम दोनच. नाव लिहायचं नाही, आकडा लिहायचा.
शब्द कळला नाही तर कंसात 'अस्पष्ट'.

सतरा नंबरचा आवाज मंगळवार पेठेतला.
मागे कुकरची शिट्टी,
कुणीतरी सायकलला हवा भरतंय.
नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांचं घर:
जंगल, राजवाडा, रस्ता,
जत्रांच्या दिवसांत सगळं भाड्यानं.

मॅडम विचारतात, तुमच्या कामात शाश्वतता कुठे दिसते?
आवाज थांबतो. बांगड्या वाजतात.
(बांगड्या लिहायच्या नसतात.)

"शाश्वत म्हंजे द्येव की वो.
आमचं कुठलं शाश्वत?
शीजन सरला की पडदा घाटावर न्ह्यायचा.
पंचगंगेत जंगल सोडलं की पाणी हिरवं,
मासं बावचळायची.
राजवाडा तर दगडावर आपटून आपटून काढतो मी.
पिळतो, वाळत घालतो.
कापड त्येच. चाळीस वर्सं त्येच.
फुडल्या साली त्याच्यावरच देऊळ."

मी द्येवचा देव केला.
त्येचचं तेच, फुडल्याचं पुढल्या.
वर्सं, वर्षं.
बाई घाटावर पडदे धुवायची, तशी मी तिचं बोलणं.

रंगांची नावं विचारली
तेव्हा आवाज एकदम तरुण झाला.
दुसऱ्या उकळीची काकवी.
कटाचा तांबडा.
रंकाळ्याचं शेवाळ, पण उन्हाळ्यातलं.
खुळा निळा,
वला असताना एक, वाळला की भलताच.
अकरा सांगितले तिनं.
सातांना मी 'अस्पष्ट' लिहिलं.
ऐकू स्वच्छ आलं होतं,
कोशात नव्हतं.

मॅडम म्हणतात, कोपऱ्यात सही मालकांची दिसते.
तुमची कुठंय?
"मागं बगा की."
मग आठ सेकंद नुसतं कापड.
जड, डिंकाळ, घडी मोडताना
करकरणारं.
"हितं रंग लावून बगायचा. ह्यो न्हाई, ह्यो.
आन ह्ये कोळशानं.
सरस सव्वा रुपाया. रॉकेल. पोराची फी.
धुतलं तरी ह्ये जात न्हाई बगा,
मागल्या अंगाला पाणी लागतंय कुठं?"

महिन्यानं पुण्याहून तक्ता आला.
उत्तरदाता १७. वय ७८. पुरुष.
खाली निष्कर्ष:
पडदे धुणे, रंग कालवणे, छटा ठरवणे
या कामांत स्त्रियांचा सहभाग, शून्य.

मी पुन्हा माझीच पानं उघडली.
सगळं घासून पुसून ठेवलेलं,
आणि मधोमध तसंच राहिलेलं:
काढतो मी. पिळतो. वाळत घालतो.
हे माझ्या कानाला चूक वाटलंच नव्हतं.
माझी आई येतो म्हणते, जातो म्हणते,
भांडताना तर 'मी कुणाच्या बापाला भ्यालो न्हाई' म्हणते
आणि पदर खोचते.
पुण्याच्या पोरानं क्रियापद बघितलं.
त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक
ते कुठल्या मातीतलं,
माती तर मीच धुऊन पाठवलेली.

मॅडमना पत्र लिहायला बसले.
'प्रतिलेखनात त्रुटी राहून गेली आहे.' खोडलं.
'माझ्याकडून अनवधानाने.' तेही.
बाहेर केएमटी थांबली, गेली.
आई भाकरी थापत होती, आतून म्हणाली,
अगं ये, मी वाढायलोय.

मग लिहिलं:
मॅडम, सतरा नंबर बाई हाय.
ती सात नावं परत ऐकून देतो.
मी चुकलो.

खाली आकडा नाही लिहिला.
सुप्रभा चौगुले.