पूर्ण लॉट

मला फक्त टर्नटेबल पाहिजे होतं.
तांडापेठच्या बोळीत, मे महिन्यातल्या दुपारी,
माळ्यावरून पाय खाली सोडून धकात्यांचा पोरगा म्हणाला,
"सुटं नाही देत ना भाऊ. उचलाल तं पूर्ण लॉट उचला."

पूर्ण लॉटात तीन व्हीसीआर होते,
एकाच्या पोटात कॅसेट अडकलेली, त्याच्याहून जुनी दिसणारी.
लाकडी शटरचा टीव्ही. शटर ओढायला दोघं लागलो.
चार स्पीकर, जाळीआडचा कागद उंदरांनी खाल्लेला,
आणि वायरींचा गुंता, ज्याकडे पाहून त्याची आई म्हणाली,
"हे तसंच न्या. सोडवाले बसान तं रात्र होईन."

चिंतामण धकाते मागावरून उठून या धंद्यात आले होते,
रात्रीच्या बोलीनं व्हीसीआर भाड्यानं देत.
मागाचा खड्डा अजून होता खोलीत.
त्यावर फळ्या, फळ्यांवर हा माल.

"सात हजार."
"चार."
"नुसतं तांबं विकलं तरी..."
"मग तांबंच विक बाप्पा."
तो हसला. साडेपाचला तुटलं.
आईनं माठातलं पाणी दिलं,
आणि विकून झालेल्या टीव्हीवरची धूळ
पदरानं पुसली, अगदी कोपऱ्यांतलीसुद्धा.

गोळीबार चौकातल्या खड्ड्यात
छोट्या हत्तीत मागं कुठला तरी स्पीकर धप्प बोलला,
कशालाच न जोडलेला.

घरी आठ दिवस उघडझाक.
बेल्टांचं डांबर झालेलं, बोटाला लागलं की साबणाला दाद देईना.
हेड स्पिरिटनं पुसले, मग जुन्या रीतीनं
दोन रुपयांच्या कोऱ्या नोटेनं.
एकही व्हीसीआर बोलला नाही.

टर्नटेबल एका अंगाला कलायचं म्हणून
त्यांनी पायाखाली लांब वही सरकवलेली होती.
तारीख, नाव, पिक्चर किती, रुपये किती,
आणि शेवटून दुसरा रकाना: ठेव.
रेशन कार्ड. सायकल. पितळी गुंड.
शिलाई मशीनचं फक्त डोकं.
एका बाईची एकच पाटली.
एवढं सगळं ठेवून लोकांनी रात्रभर जागून
दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांच्या मारामाऱ्या पाहिल्या.

मी बाबांचं नाव शोधलं.
नव्हतं. नसणारच होतं.
आम्ही टेंभुर्ण्यांच्या खिडकीतून पाहायचो,
गजांना गाल लावून,
आणि टेंभुर्णे म्हणजे मिलचे हेडक्लर्क,
अख्ख्या चाळीत घड्याळ त्यांच्याच हाताला,
रोज सकाळी भोंग्याशी मिळवून बघणारे,
भोंगाच चुकला असं म्हणणारे.

एकोणीस ऑक्टोबर पंच्याऐंशी, शनिवार.
टेंभुर्णे ह. मा.
टीव्ही, व्हीसीआर, तीन पिक्चर, साठ रुपये.
ठेव: घड्याळ, सोनेरी पट्टा.

ती रात्र मला आठवते.
दुसरा पिक्चर संपल्यावर ते पायरीवर आले,
डाव्या मनगटावरून अंगठा फिरवत.
"किती वाजले असतील हो?" त्यांनी बाबांना विचारलं.
आम्ही पोरं खूप हसलो.
घड्याळवाला माणूस वेळ विचारून राह्यला!
बाबा हसले नाहीत.
त्यांनी थोडा वेळ आभाळ पाहिलं आणि म्हणाले,
"अजून एक पिक्चर होते आरामात, साहेब."

शेवटच्या रकान्यात:
सकाळी साडेसहा, परत. खाली धकात्यांची सही.

टर्नटेबल आता फिरतं. थोडं हळू,
म्हणजे सगळेच गाणारे झोपेतून उठून आल्यासारखे.
वही मी परत खाली सरकवली नाही,
कपाटात ठेवली, विम्याच्या कागदांजवळ.
ते कललेलंच आहे.
बायको म्हणते, "सरळ करा ना ते एकदाचं."
करतो, म्हणतो.
तिथं काहीतरी ठेवावं लागेल.