किरकोळ

सही झाली तेव्हा रात्रीचे सव्वानऊ.
तांडापेठेतल्या मंडळाच्या खोलीत
कूलर असा घरघरत होता की
अध्यक्षांना आकडा दोनदा सांगावा लागला.
चार लाख.
मी व्हाउचरवर अक्षरी लिहिलं, पुढे 'फक्त'.

त्याआधी तासभर चर्चा.
बावणेकाका म्हणाले, पोट्टा मनाचा वाईट नाही.
निखाऱ्यांनी मोबाइलवर एक चढाई दाखवली :
चौघं अंगावर, घोटा पकडलेला,
आणि प्रणय हेडाऊ एक बोट लांबवतो मध्यरेषेकडे,
अंधारात बटण चाचपावं तसं.
सगळे गप्प.
खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

'आपल्याले जावई करून घ्याचा हाय का त्याले?
कबड्डी खेळवाची हाय.'
हसले सगळे, एक परातेसर सोडून.
ते बूट काढून आतला खडा शोधत बसले.
खडा सापडला तोवर ठराव झाला होता.

होमराजचं नाव निघालं नाही.
'ते सावजीतलं मॅटर' एवढंच निघालं,
आणि 'मिटलं ते'.

रस्सा थंड आला होता.
हातात आला तो स्टीलचा जग.
मेडिकलच्या वॉर्डात होमराज अकरा दिवस,
डावा डोळा तिथंच राहिला.
मंडळानं आठ हजार दिले.
तेही व्हाउचर माझ्याच हातचं, सहीच्या महिनाभर आधीचं
(म्हणजे चर्चा कशाची होती, मला अजून कळलेलं नाही).
कोणत्या खात्यात टाकू, मी विचारलं.
टाक ना किरकोळमंदी, काका म्हणाले,
चुना, सुतळी, लिंबं असते तिथं.

आमच्या खेळात एक फार दयाळू नियम आहे :
समोरचा एक बाद झाला
की आपला एक बाकावरून उठतो,
जिवंत म्हणतात त्याला,
कपाळाला माती लावून पुन्हा आत येतो.
बारा वर्षं गुणलेखन करते मी,
एकेका रेघेनं किती पोरं जिवंत केली असतील.
वही तीच, पेनही तेच.
डोळ्यासाठी रकाना नाही.

जानेवारीत चिटणीस पार्कवर उपांत्य सामना.
होमराज आला. तिकीट काढून आला, वीस रुपये.
गॅलरीच्या पार डाव्या टोकाला बसला,
म्हणजे सगळं मैदान उजवीकडे पडावं.
मफलर कानापर्यंत, हातात शेंगदाण्याची पुडी.
मी खाली पाहून शिसपेन्सिलीला टोक केलं,
टोक आधीच होतं.

शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी मागे.
प्रणय आत गेला.
त्याचा दम माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता,
एकसुरी, करघ्याच्या धोट्यासारखा.
मग काय झालं ते कोणालाच धड दिसलं नाही,
एक पाय, एक गिरकी, धुळीचा लोट,
आणि तो रेषेवर आडवा, हात वर.
पंचांनी तीन बोटं दाखवली.
मी तीन रेघा मारल्या.
सरळ आल्या, हात जराही हलला नाही.
आमचे तीन जिवंत झाले.

आणि डाव्या टोकाला शिट्टी.
होमराज उभा, दोन बोटं तोंडात,
शेंगदाणे पायाशी सांडलेले.

गर्दी उतरल्यावर तो टेबलाशी आला.
मला वाटलं, आता आकडा विचारेल,
मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं.
तो म्हणाला, 'ताई, तो डाव्या कोपऱ्यातला,
त्याले खरंच हात लागला का?
मले दिसलाच नाही तो.'

मी वही फिरवून त्याच्यासमोर धरली.
त्यानं मान जरा वळवली,
रेघा बोटानं मोजल्या. एक. दोन. तीन.
'बराबर हाय,' म्हणाला,
आणि मफलर नीट करत गेला.

रात्री जमेच्या बाजूला तिकीटविक्री लिहिली.
नऊ हजार चारशे साठ.
त्यातले वीस त्याचे.
वेगळे काढून पाहिले कागदावर,
बेरीज चुकायला लागली,
परत घातले.