एकसष्ट नंबर

परभणीत एप्रिलमध्ये रंग
ब्रशवरच वाळतो, प्लास्टिकला टेकायच्या आत.
म्हणून पहाटे चारला बसतो,
पंखा बंद, दार लोटून.

उजव्या पंखाच्या सांध्यात फट राहिली होती.
पुट्टी भरली, घासली;
डोळा फसतो, बोट नाही.

वैमानिकाचं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं.
सोबतचा कागद म्हणतो: चेहऱ्याला एकसष्ट नंबर.
लावून पाहिला. गुलाबी,
तापातून उठल्यासारखा.
काडीच्या टोकानं तपकिरी थेंब मिसळला,
अजून एक,
मनगटाशी धरून पाहिला.

शालन उठली. चहा ठेवता ठेवता वाकून म्हणाली,
"हा तर मोंढ्यातलाच कुणी दिसायलाय."

आता वरची काच.
सोल्यूशन जरा जास्त झालं
की आतून धुकं धरतं.
कोण बसलंय, ते मग
मला नि शालनलाच ठाऊक.