दोन आडव्या रेघा

दर मंगळवारी मी कोर्टाच्या तळघरात बसते,
माजी सैनिकांचे अर्ज भरून द्यायला.
बहुतेक जण हरवलेलं मागायला येतात:
जखमेची नोंद, बोटीवर चढल्याची तारीख,
पेन्शनीत न धरलेले सात महिने.

एलवुड प्रुइट काढून टाकायला आला.

वय एक्याण्णव. छातीत कोळशाच्या खाणीचा खोकला.
कोटाच्या खिशातून त्याने मोजा काढला,
मोज्यातून पदक.
‘हे माझं नाही,’ म्हणाला,
बसमध्ये सापडलेली छत्री परत करावी तसा.

मग सांगत गेला, अडखळत, मागचं पुढे करत.
कोरियातला जानेवारी. गोठलेला ओढा.
एकाच पलटणीत दोन प्रुइट:
हा वेस्ट व्हर्जिनियाचा, गोरा.
तो आर्कान्सासचा, काळा, लिओटिस नावाचा,
नुकताच त्यांच्यात आणून घातलेला.
‘पहिले दोन आठवडे त्याच्या शेजारी कुणी जेवायला बसलं नाही.
मीही नाही.’
त्या रात्री लिओटिसने ओढ्यापलीकडून
दोन जखमी पाठीवर आणले, एकामागून एक.
तिसऱ्यासाठी गेला, तो गेलाच.
‘आणि मी तंबूत होतो,’ एलवुड म्हणाला.
‘हगवण लागली होती.’

कारकुनाची बोटं गारठलेली असतील.
इंग्रजीतला एल आणि ई,
फरक तो काय? दोन आडव्या रेघांचा.
पण ती चूक झाली,
की झालेली चूक कुणाला तरी बरी वाटली,
हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

बाकीचे कागद सेंट लुईसच्या आगीत गेले.
उरलेले आले ते पापडासारखे, कडा काळ्या,
हात लावला की भुगा होणारे.
मधोमध एक ओळ मात्र शाबूत: ई. प्रुइट.
आगीनेही नेमकं तेवढंच सोडलं.

फॉर्मात एक रकाना असतो:
या चुकीमुळे आपले काय नुकसान झाले?

माझी कॉफी निवली तरी त्याचं पेन हवेतच.
मग एकदम लिहायला लागला, मोठ्या अक्षरात:
चार जुलैला मला उघड्या मोटारीत बसवतात.
बायको गेली तेव्हा पेपरात छापून आलं, शूराची पत्नी.
तिला मी सांगितलं नव्हतं.
नातू माझं पदक बघून फौजेत गेला.
रकाना संपला.
वेगळा कागद जोडता येतो, मी म्हटलं.
तो म्हणाला, नको. एवढ्याने भागेल.

अकरा महिन्यांनी उत्तर आलं.
अर्जदाराच्या नोंदीतून पदक वगळण्यात येत आहे.
मूळ कागद खोडला जाणार नाही,
दुरुस्तीचा कागद त्यास जोडावा.
अन्य व्यक्तीच्या नोंदीबाबत
त्या व्यक्तीने किंवा तिच्या वारसाने अर्ज करावा.

म्हणजे चूक आहे तिथेच.
फक्त तिच्या पाठीला आता
एक खरं टाचलेलं.

मला वाटलं, आता हा घरी जाईल.
त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
‘वारस कसा शोधतात?’

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, शाळेचे जुने पट,
एका न्हाव्याने दिलेला चुकीचा नंबर,
त्याच्या मेहुणीने दिलेला बरोबर.
पाइन ब्लफमध्ये लिओटिसच्या बहिणीची नात निघाली,
व्हर्नेल. शाळेची बस चालवते.

नंबर मी फिरवला, त्याची बोटं थरथरत होती.
पलीकडे पोरांचा गलका,
कुणाला तरी ‘खाली बस’ म्हणून दरडावणं.
‘मी प्रुइट बोलतोय,’ एलवुड म्हणाला.

‘कोणते प्रुइट?’

सत्तर वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.
रिसीव्हर त्याने
ऐकू येणाऱ्या कानाला लावला.